मायनं पाठवलेली बाटली

मी स्वभावानं संशयी आहे आणि त्याबद्दल मला कधी वाईट वाटलेलं नाही. घरात हा दुर्गुण समजला जाई, पण प्रयोगशाळेत त्याच्यावरच माझं पोट भरलं. यंत्रानं आकडा दाखवला की "खरंच का?" असं आधी मनात यावं लागतं. ज्याच्या मनात येत नाही त्यानं दुसरं काहीतरी करावं, असं आमचे सर म्हणत. सर माझ्याहूनही संशयी होते.

तेव्हा मी नांदेडला संशोधन करत होतो. जास्त झालं की दात आणि हाडं खराब करणारं पाण्यातलं फ्लोराइड ओळखणारा सेन्सर बनवायचा, तोही लेसर आणि सोन्याचे अतिसूक्ष्म कण वापरून, असं माझं काम. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात दिसायचं ते एवढंच की काचेच्या भांड्यात डिस्टिल्ड वॉटर, तळाशी नखाएवढी सोन्याची पट्टी आणि वरून तिच्यावर पडणारे लेसरचे ठोके. टक टक टक असा कोरडा आवाज खोलीत भरून राही. आम्ही जाड चष्मे लावून भिंतीकडे तोंड करून बसायचो. प्रत्येक ठोक्याला सोन्याचा डोळ्यांना न दिसणारा अंश उडे आणि पाण्यात मिसळे. हळूहळू पाण्याला गुलाबी झाक येई, मग ते डाळिंबाच्या रसासारखं लाल होई. सोनं इतकं बारीक झालं की पिवळं राहत नाही, लाल दिसतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, भांडं कुणीतरी नीट धुतलं नाही.

ती पट्टी सरांच्या कपाटात कुलपात असे आणि किल्ली सरांच्या खिशात. काम सुरू करण्याआधी तिचं वजन करायचं, संपल्यावर पुन्हा करायचं, दोन्ही वेळा सर समोर. वजन घटलेलं असायचंच, कारण घटण्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. तरी सर काट्याकडे आणि मग माझ्याकडे बघत. "सोनं पाण्यात गेलं म्हणता ना, मग ते पाणी दाखवा," असं म्हणून ते बाटली उजेडात धरत. लाल रंग नीट दिसला की त्यांचा जीव भांड्यात पडे.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि नांदेडच्या नळांचाही भरवसा राहिला नव्हता. आमची अडचण अशी की एक कॅन डिस्टिल्ड वॉटर काढायचं तर यंत्र गार ठेवायला कितीतरी बादल्या पाणी नळातून वाहून जातं. पाऊस बरा असलेल्या वर्षी तिकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. त्या वर्षी आम्ही ते वाहतं पाणी पिंपांत साठवायला लागलो. सकाळी पिंप भरलेलं असे, संध्याकाळी अर्धं झालेलं असे आणि विभागातला प्रत्येक जण दुसऱ्याच्या हातातल्या पिशवीकडे बघत घरी जाई.

सेन्सरची कल्पना सोपी होती. लाल पाण्यातल्या कणांना आम्ही एक रासायनिक आवरण द्यायचो. साध्या खारट पाण्याला ते दाद देत नसे, पण फ्लोराइड आलं की ढिलं पडे. मग सुटे सुटे फिरणारे कण एकमेकांना चिकटत आणि लाल रंग जांभळा, पुढे निळा होत जाई. डोळ्यांना हा फरक कळतो, पण डोळ्यांवर विश्वास कोण ठेवणार? म्हणून मी स्टीलचा जेवणाचा डबा आतून काळा रंगवून घेतला. एका बाजूला हिरवा लेसर बसवला, समोर प्रकाश मोजणारं छोटं साधन आणि मध्ये बाटलीपुरती जागा. लाल पाणी हिरवा उजेड अडवतं. पाणी निळं झालं की तोच उजेड पलीकडे सुटतो आणि डब्यावरचा आकडा चढतो. आकडा चढला की पाणी पिण्यात धोका, एवढंच ध्यानात ठेवायचं.

हे सगळं मी मायला एकदा समजावून सांगितलं होतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सोनं कुनाचं?"

"सरकारचं."

"अन् ते पान्यात विरघळवून टाकायलेत?"

"विरघळत नाही गं, बारीक होतं."

"हाव, एकच हाय ते," माय म्हणाली. शेजारणीला तिनं सांगितलं की पोरगा नांदेडला सोनाराच्या हाताखाली हाय, पर सोनार सरकारी हाय.

आमचं गाव अहमदपूर तालुक्यातलं. गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्धांची वस्ती आणि विहाराच्या बाजूला वस्तीचा हापसा. त्या उन्हाळ्यात गावातली विहीर आटली, शाळेजवळचा हापसा नुसता वाजायला लागला, पण आमच्या हापशाला मात्र पाणी होतं. जोर लावावा लागायचा, सुरुवातीला थोडं गढूळ यायचं, पण यायचं. टँकर चावडीपाशी उभा राही आणि तिथं आधी कुणाचे हांडे भरायचे हे ठरलेलं असे. आमच्या वस्तीतल्या बायांना त्या रांगेत जावं लागत नव्हतं, ही साधी गोष्ट नव्हती. मायच्या लहानपणी आमच्या लोकांनी विहिरीपाशी खाली बसायचं आणि कुणीतरी वरून ओतेल त्याची वाट बघायची. कुणी ओतायचं, कुणी तोंड फिरवून निघून जायचं. हापसा झाला तेव्हा मायनं त्याच्या दांड्याला हात लावून पाहिला होता, असं ती सांगते. पुढचं ती सांगत नाही.

दुष्काळ वाढला तसं पंचायतीत बोलणं निघालं की वस्तीच्या बोअरमध्ये मोटर टाकावी, गावाची टाकी भरावी आणि वस्तीसकट सगळ्यांना नळानं पाणी द्यावं. वस्तीतलं कुणी नाही म्हणालं नाही. मायही म्हणाली, "देऊ की. पानी का आपन घडवलंय?" पण लगेच दुसरं बोलणं निघालं. त्या बोअरचं पाणी खराब असेल तर? त्या लोकांचे दात पिवळे दिसतात. आधी तपासा आणि खराब निघालं तर हापशाला लाल रंग फासून तो बंद करा. हे बोलणारे गावातले एक मोठे शेतकरी होते. त्यांच्या शेताला सगळे मळा म्हणत आणि त्यांना मळेवाले. त्यांच्या स्वतःच्या मळ्यात वेगळं बोअर होतं.

मला हे कळलं तेव्हा माझं डोकं तडकलं. कित्येक वर्षं आमचे लोक ते पाणी पीत होते तेव्हा कुणाला दात दिसले नव्हते. आता स्वतःच्या हांड्यात यायची वेळ आली तेव्हा दिसले. हापसा बंद झाला तर मायला आणि सगळ्या वस्तीला पुन्हा चावडीपाशी जाऊन दुसऱ्याच्या मर्जीनं पाणी घ्यावं लागणार होतं. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नमुन्यांचा ढीग लागला होता, तिथला निकाल कधी येईल हे तिथल्यांनाही माहीत नव्हतं. पंचायतीची बैठक मात्र तोंडावर आली होती.

मी ठरवलं की आपण आपलं आधी बघून घ्यावं. मायला फोन करून एक बाटली पाठवायला सांगितलं. "हापशाचं पाणी भर, झाकण घट्ट लाव, अहमदपूरला कुणी जाणारं असलं तर त्याच्याकरवी स्टँडवर नांदेडच्या एसटीच्या कंडक्टरला दे," एवढंच बोललो. बाटली आली. झाकणाभोवती मायनं पांढरा दोरा गुंडाळून तिची ती नेहमीची गाठ मारली होती, लोणच्याच्या बरणीच्या फडक्याला मारते तशी. कात्रीनं कापल्याशिवाय ती गाठ सुटत नाही. मी कापली.

लाल द्रावणात त्या पाण्याचे थेंब टाकले आणि बघता बघता रंग निळा झाला. डब्यावरचा आकडा आजवर कधी गेला नव्हता तिथं गेला. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. हे पाणी माय रोज पीत होती.

सरांना बोलावलं. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आधी आपल्या कणांवर संशय घ्या," ते म्हणाले. आम्ही डिस्टिल्ड वॉटर टाकून पाहिलं, रंग लालच राहिला. नळाचं पाणी टाकलं, लाल. ज्यात फ्लोराइड आहे हे आम्हाला आधीच ठाऊक होतं असं पाणी टाकलं, तेव्हा रंग हळूहळू, चहा गार व्हावा इतक्या सावकाश जांभळा झाला. कण ठीक होते.

"फ्लोराइड एवढं घाईत नसतं," सर म्हणाले. "यात दुसरं काहीतरी आहे."

मी त्या पाण्यात लिटमसचा कागद बुडवला. कागद लालसर झाला. आमच्याकडचं बोअरचं पाणी खारवट असतं, भांड्यावर पांढरे डाग पाडणारं. ते आंबट निघणं म्हणजे लिंबाच्या झाडाला भोपळा लागण्यासारखं होतं. पाणी दिसायला मात्र स्वच्छ होतं, नको तितकं स्वच्छ. हापशाचं पाणी मी लहानपणापासून पीत आलो आहे. ते असं आरशासारखं कधी नसतं.

मग माझा संशय सुटला तो सुटलाच. मी मायला फोन लावला.

"बाटली कुणाच्या हाती दिली होतीस?"

"मळेवाले भाऊ मोंढ्यात माल घालायला जायलते अहमदपूरला. त्यांच्याच गाडीवर दिली. कामून रं?"

मी डोळे मिटून घेतले. पाणी खराब आहे म्हणणारा माणूस आणि नमुना नेणारा माणूस एकच होता. वाटेत थांबायचं, झाकण उघडायचं, काहीतरी टाकायचं, यात अवघड ते काय? शेतात फवारायची औषधं त्यांच्या घरात असणारच. बाटली बिघडवली तर बिघडवली, पण हापशातच काही टाकलं असेल तर? हे मनात आल्यावर मला बसवेना.

"माय, ते पाणी पिऊ नका. कुणालाच पिऊ देऊ नको," मी म्हणालो.

मायचा आवाज बारीक झाला.

"लई वाईट निघालं का?" तिनं विचारलं.

"हो."

"एवढं वाईट?"

"सांगतो ना. तू पिऊ नको."

"बरं," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. दुसरं कुणी असतं तर चार प्रश्न विचारले असते, भांडलं असतं. मायनं पुढं काहीच विचारलं नाही याचं मला नवल वाटलं, पण तेव्हा माझं डोकं मळेवाल्यांच्या मागे लागलं होतं. त्या दिवसापासून वस्तीतल्या बाया चावडीच्या रांगेत उभ्या राहिल्या, असं मला नंतर समजलं. सगळ्यात शेवटी.

नवं लाल पाणी तयार व्हायला पाच-सहा दिवस गेले. मग मी डबा, लाल पाण्याच्या बाटल्या आणि लिटमसचे कागद पिशवीत भरले आणि अहमदपूरची एसटी धरली. त्या दिवसांत उदगीरचा वेगळा जिल्हा होणार अशी हूल उठली होती. अहमदपूर तिकडे जाणार की लातुरातच राहणार, कचेऱ्या कुठं होणार, रस्ता कुणाच्या शेतातून जाणार, यावर प्रत्येक बसमध्ये वाद चाले. पिशवीतून माझ्या डब्याची वायर बाहेर आली होती. शेजारच्या माणसानं ती पाहिली आणि तो थोडा सरकून बसला.

"सर्वेला आलात का?" त्यानं विचारलं.

"नाही. पाणी तपासायला."

"तसंच म्हनतेत आधी," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला. उतरेपर्यंत त्यानं माझ्याशी एक शब्द काढला नाही, पण माझ्या पिशवीवरची नजरही काढली नाही. मला राग आला आणि बरंही वाटलं. माझ्यासारखंच डोकं असलेली माणसं जगात आहेत.

अहमदपूरच्या स्टँडवर उतरलो तर समोर मोटारसायकलवर मळेवाले. ते मोंढ्यातून परतत होते. गावाकडे जाणारी गाडी त्या वेळी नव्हती.

"बसा सर, सोडतो," ते म्हणाले. गावातले लोक मला सर म्हणत तेव्हा त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला कधीच ओळखता आलेलं नाही. मी बसलो. आरोपीच्या मागे बसून मी गावाकडे निघालो.

"पानी बिघडलं म्हनं तुमचं," थोडं पुढं गेल्यावर ते म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या बाया रांगेत दिसायल्या की. सांगायला कशाला पायजे?"

मी सरळ विचारलं. "काका, बाटली वाटेत उघडली होती का?"

त्यांनी गाडीचा वेग कमी केला. मला वाटलं आता उतरवतात. "कशाला उघडू? मला का तहान लागलती?" ते म्हणाले. "अन् उघडली असती तर ती गाठ पुन्हा कुनी मारली असती? तुझ्या मायनं झाकण असं आवळलतं की मढ्याचं कफन बी कुनी असं बांधत न्हाई. तू काय केलं, दातानं सोडली का?"

गाठ मायचीच होती आणि ती कात्रीनं मीच कापली होती. संतापाच्या भरात ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. गाठ शाबूत होती म्हणजे पाण्यात जे काही पडलं ते गाठ मारण्याआधीच पडलं होतं. म्हणजे आमच्या घरात, नाहीतर थेट हापशात. मळेवाले सुटले म्हणून मला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. आरोपी नाहीसा झाला की भीती वाढते, हे मला त्या गाडीवर कळलं.

वस्तीत उतरल्यावर मी घरात न जाता तडक हापशाकडे गेलो. मळेवालेही गाडी उभी करून मागं आले. त्यांना बघून गावातले आणखी काही जण आले आणि विहाराच्या भिंतीच्या सावलीत, जरा अंतर राखून थांबले. वस्तीतल्या बाया दारांत उभ्या होत्या. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत होता.

मी हापसा मारायला लागलो. बरेच दिवस न हापसल्यामुळे पाणी यायला वेळ लागला. मग आलं, नेहमीसारखं, जरा मातकट. मी बाटली खाली धरली. तेवढ्यात माय घरातून लगबगीनं आली. तिच्या एका हातात पातेलं होतं, दुसऱ्या हातात काहीतरी पांढरं.

"थांब, असंच भरतोस का?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "लोक बघायलेत. हे गढूळ पानी त्यांना दाखवतोस? आन हिकडं, तुरटी फिरवून देते."

तिच्या हातातला पांढरा खडा मी पाहिला. माझ्या डोक्यात सगळं एकदम जागेवर बसलं. आंबटपणा, आरशासारखं पाणी, थेंब पडताच झालेला निळा रंग. तुरटीत ॲल्युमिनियम असतं. माती जशी ते खाली बसवतं तसेच माझे सोन्याचे कणही एकमेकांना चिकटवतं. आमचं आवरण त्याच्यापुढं टिकत नाही. एवढी साधी गोष्ट, पण तुरटी फिरवलेलं पाणी तपासायला येईल असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"माय, मागच्या बाटलीतही तुरटी टाकली होतीस?"

"मग? तसंच पाठवू का? फडक्यातून गाळलं, तुरटी फिरवली, रातभर निवळू दिलं, पुन्यांदा फिरवली. बाटली राखेनं घासली. तुझे सर बघतील, म्हनतील काय घान पानी पितेत हे लोक."

"मग फोनवर सांगितलं का नाहीस?"

तिनं पातेलं खाली ठेवलं. "काय सांगू? इतकं निवळून दिलं तरीबी तू लई वाईट निघालं म्हनालास. मला वाटलं, धुवून धुवून बी आपलं पानी वाईटच निघत असंल."

मला आधी हसू आलं, मग ते ओसरलं. मी हापशाच्या दांड्याला धरून तसाच उभा राहिलो. ती एवढे दिवस हे मनात घेऊन चावडीच्या रांगेत उभी राहिली होती आणि कुणाला काही बोलली नव्हती. माझा संशय लेसरसारखा सरळ रेषेत जात राहिला, पण तिच्या मनात काय असेल तिकडे तो एकदाही वळला नाही.

मी डबा विहाराच्या ओट्यावर मांडला आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. आधी डिस्टिल्ड वॉटर टाकून दाखवलं, रंग लाल. मग हापशाचं मातकट पाणी तसंच न गाळता टाकलं. सगळे वाकून बघत होते. आम्ही थांबलो. लाल रंगात किंचित जांभळी झाक आली, आकडा थोडा चढला आणि तिथंच राहिला. फ्लोराइड होतं, आमच्या भागात ते असतंच, पण पिण्याच्या मर्यादेच्या आत होतं. शेवटी मी मायच्या पातेल्यातल्या पाण्यात तुरटी फिरवून त्याचे थेंब टाकले. निळं झालं. बाया एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या.

"पोराचं मशीन, मायचं पानी," मळेवाले म्हणाले. "लालच राहनार की."

"तुमच्या मळ्यातलं आणा," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "तुम्हीच भरा, तुम्हीच थेंब टाका. मी हात लावत नाही."

त्यांनी खरंच माणूस पाठवला. पाणी आलं, दिसायला आमच्यापेक्षा स्वच्छ. मळेवाल्यांनी स्वतःच्या हातानं थेंब टाकले आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत राहिले. सुरुवातीला काही झालं नाही. मग सावकाश, घाई न करता, रंग जांभळा झाला. त्यांनी मान वर केली नाही.

"ह्यात बी कुनीतरी तुरटी टाकली असंल," ते म्हणाले.

मी लिटमसचा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बुडवला. मी सांगितलं की तुरटी असती तर कागद लाल झाला असता. तो झाला नाही. ते बराच वेळ कागद उलटसुलट करून बघत राहिले. मळ्याच्या बोअरचं पाणी त्यांच्या घरातले सगळेच पीत होते. त्यांचा चेहरा बघून मला जिंकल्यासारखं वाटलं असं म्हणालो तर ते खोटं ठरेल, आणि अजिबात वाटलं नाही म्हणालो तर तेही खोटंच.

जिल्ह्याच्या प्रयोगशाळेचा निकाल पुढं यथावकाश आला, दोन्ही पाण्यांबद्दल तोच. हापशाला लाल रंग लागला नाही. बोअरमध्ये मोटर पडली, पण नळ यायला वेळ होता. तोवर सगळं गाव आमच्या वस्तीत हांडे घेऊन यायला लागलं. आमच्या बाया रांगेत सगळ्यांत पुढं नसत आणि सगळ्यांत मागंही नसत. गर्दी, भांडणं, हांड्यांचे आवाज. नवा जिल्हा झाला नाही. सरांनी मात्र आमच्या पद्धतीत एक चाचणी वाढवली, थेंब टाकण्याआधी पाण्यात तुरटी आहे का बघायची. कुणी विचारलं की ते म्हणत, "मराठवाड्यात लागते."

त्याच उन्हाळ्यात मी पुन्हा घरी गेलो होतो तेव्हा मळेवाल्यांची म्हातारी आई पाण्याला आली होती. ऊन मरणाचं होतं. तिला चक्कर आल्यासारखं झालं म्हणून मायनं तिला हाताला धरून आमच्या ओसरीत बसवलं. म्हातारी आमच्या घरात पहिल्यांदा आली होती. तिनं पाणी मागितलं नाही, पण ओठ कोरडे पडलेले दिसत होते.

माय आत गेली. मी मागं गेलो. तिनं माठातलं पाणी पातेल्यात काढलं, फडक्यातून गाळलं आणि फळीवरचा तुरटीचा खडा घेतला.

"माय, नको ना," मी हळूच म्हणालो. "पाणी चांगलं आहे. सगळ्यांसमोर दाखवलंय. तिच्या घरच्या पाण्यापेक्षा चांगलं आहे."

तिनं ऐकलं नाही. खडा पाण्यात फिरवला, थांबली, वरचं निवळ पाणी अलगद काढून घेतलं. स्टीलचे पेले सोडून तिनं पाहुण्यांसाठी ठेवलेला काचेचा ग्लास घेतला आणि पदरानं आतून बाहेरून पुसला. ग्लास घेऊन ती ओसरीत गेली.

म्हातारीनं ग्लास हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं पाहिलं. माय तिच्यासमोर उभी होती. दोन्ही हात तिनं पदरात घट्ट धरले होते. म्हातारीनं ग्लास तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

माय रिकामा ग्लास घेऊन आत आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या मशीनला लागत न्हाई तुरटी. मान्साला लागते."